टो बारची उंची: ड्रॉप रिसीव्हर मागवण्याआधी हे वाचा

"आम्हाला किती इंचांचा ड्रॉप लागेल?" हा प्रश्न फोनवर सतत येतो (ड्रॉप म्हणजे मोटारहोमच्या मागच्या हिचमध्ये बसवून जोडणी खाली आणणारा तुकडा), आणि फोनवर आम्ही त्याचे उत्तर देत नाही. काहींना याचा राग येतो. त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून ड्रॉप आधीच मागवून ठेवला आहे त्यांच्यासाठी, हे पत्रक.

मोटारहोममागे चारही चाकांवर गाडी ओढायची, तर टो बार, म्हणजे दोघांना जोडणारा दांडा, जमिनीला जवळजवळ समांतर हवा. रिसीव्हर (मोटारहोमच्या हिचचे चौकोनी तोंड) आणि गाडीच्या पुढे बार जोडायला लावलेल्या बेस प्लेटवरची जोडणी यांच्या उंचीत 3 इंचांपेक्षा जास्त फरक नको, वरही नाही आणि खालीही नाही. काही बारच्या पुस्तिका थोडी जास्त सूट देतात. आम्ही 3 धरतो, कारण प्रवासात सामान वाढते आणि उंची बदलते.

फरक जास्त असला तर काय होते? मोटारहोमला ब्रेक लागला की मागची गाडी पुढे रेटते. बार 40 इंच लांब आणि त्याला 8 इंचांचा उतार असेल, तर त्या रेट्याचा साधारण पाचवा हिस्सा वर-खाली दाबतो. रिसीव्हर खाली आणि गाडी वर असेल तर गाडीचे नाक उचलले जाते, पुढची चाके हलकी होतात आणि वळणावर ती नीट मागे येत नाही. रिसीव्हर वर असेल तर तिचे नाक खाली दाबले जाते. दोन्हीकडे बेस प्लेटचे बोल्ट विनाकारण ताण सोसतात. शिवाय बारचे हात अडकतात आणि कॅम्पग्राउंडवर पोचल्यावर पिना निघता निघत नाहीत.

आता आमचा वेळ खाणारी चूक. ग्राहक माप घेतात ते रिकाम्या, उभ्या मोटारहोमचे. डिझेल पुशरला, म्हणजे मागे डिझेल इंजिन असलेल्या मोटारहोमला, हवेचे सस्पेन्शन असते. इंजिन बंद ठेवून काही दिवस उभी राहिली की हवा उतरते आणि मागची बाजू काही इंच खाली बसते. त्या अवस्थेत घेतलेल्या मापावर ड्रॉप मागवला, तर रस्त्यावर बार तिरकाच राहतो. म्हणून इंजिन चालू करा, हवेचा दाब पूर्ण भरू द्या, लेव्हलिंग जॅक वर घ्या, पाण्याची टाकी आणि सामान प्रवासाला निघताना असते तसे भरा, आणि मगच टेप काढा.

जागाही बघून निवडा. मागच्या चाकांपासून रिसीव्हरपर्यंत मोटारहोमचा बराच भाग लोंबता असतो. चाके ड्राइव्हवेवर आणि रिसीव्हर रस्त्याकडेच्या पन्हळीवर आला, तर टेप भलताच आकडा सांगते. मोठ्या दुकानाचा सपाट पार्किंग लॉट सगळ्यात बरा. तिथे जमिनीपासून रिसीव्हरच्या चौकोनी तोंडाच्या मध्यापर्यंत मोजा, आणि गाडीकडे बार जिथे पिनेने जोडला जातो त्या जोडणीच्या मध्यापर्यंत. बंपरपर्यंत नाही, हिचच्या खालच्या कडेपर्यंतही नाही.

ट्रेलर ओढलेली मंडळी विचारतात, "गाडी जोडल्यावर मागची बाजू आणखी बसेल ना?" नाही. ट्रेलरच्या पुढच्या टोकाचे वजन हिचवर येते. चार चाकांवरची गाडी स्वतःचे वजन स्वतः पेलते. त्यासाठी जादा इंच धरू नका.

जीप रँगलरला लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच) आणि मोठे टायर लावले असतील, तर ड्रॉप नव्हे, उलट राइज, म्हणजे जोडणी वर नेणारा तुकडा, लागू शकतो. काही ड्रॉप रिसीव्हर उलटे फिरवून बसवता येतात, सगळे नाही. त्यांच्यावरचा छाप वाचा. भारक्षमताही तिथेच असते. हिच 10,000 पाउंडांचा, बार 7,500 चा आणि ड्रॉप 6,000 चा असेल, तर तुमची मर्यादा 6,000, आणखी काही नाही. एका ड्रॉपमध्ये दुसरा ड्रॉप किंवा एक्स्टेन्शन खुपसून आलेली गाडी आम्ही तशीच परत पाठवतो. ग्राहक गेला तरी चालेल.

ड्रॉप लावला की जोडणी काही इंच मागे आणि खाली सरकते. जुन्या सेफ्टी केबल (बार निसटला तर गाडी धरून ठेवणाऱ्या) अपुऱ्या पडू शकतात. दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. पेट्रोल पंपाच्या चढावर ड्रॉप घासतो का, तेही बघा.

जाता जाता: टेस्ला चारही चाकांवर ओढायची नसते, तिच्या मॅन्युअलमध्येच तसे आहे. तिला आम्ही बेस प्लेट लावत नाही, कितीही आग्रह करा. होंडा सीआर-व्ही 2014 पर्यंतचीच चालते. दुसरी कोणतीही गाडी घेण्याआधी तिच्या मॅन्युअलमधले रिक्रिएशनल टोइंगचे (मोटारहोममागे गाडी ओढण्याचे) पान वाचा, किंवा आम्हाला त्याचा फोटो पाठवा.

उंची मोजून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही. बेस प्लेट, बार किंवा केबल आमच्याकडूनच घ्यायला हवी अशी अटही नाही, मात्र घेतली तर बसवताना जोडून, उतरवून दाखवतो. ऑनलाइनपेक्षा आमचा ड्रॉप थोडा महाग पडेल, पण मोजमाप आमचे असेल आणि तो चुकला तर बदलूनही आम्हीच देऊ. तुम्ही सांगितलेल्या मापावर मागवलेला माल मात्र परत घेत नाही.

येताना मोटारहोम आणि गाडी दोन्ही आणा, सोबत बार आणि त्याची पुस्तिका. शनिवारी गर्दी असते, आठवड्यात मधल्या दिवशी आलात तर निवांत बघता येईल.