आफ्रिकन व्हायोलेटची गोलाई

आफ्रिकन व्हायोलेटचं नीट राखलेलं रोप एकदा बरोबर वरून पाहावं. मधल्या नखाएवढ्या पानांपासून कडेच्या मोठ्या पानांपर्यंत आकार हळूहळू वाढत जातो, प्रत्येक पान खालच्या दोन पानांमधल्या फटीत बसलेलं असतं आणि मधोमध फुलांचा गुच्छ असतो. हे रोप जन्मतःच असं गोल असणार, असं वाटतं. पण ही गोलाई रोपाने अर्धीच दिलेली असते. उरलेली अर्धी सांभाळणाऱ्याच्या बोटांतून येते.

या झाडाचं मूळ घर म्हणजे टांझानियातले उसांबारा डोंगर आणि आसपासची जंगलं. तिथून जर्मन अधिकारी वॉल्टर फॉन सेंट पॉल यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून हॅनोव्हरच्या हेरेनहाउझेन बागेचे हेर्मान वेंडलांड यांनी 1893 मध्ये त्याचं ‘सेंटपॉलिया आयोनान्था’ असं बारसं केलं. आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला स्ट्रेप्टोकार्पस या वंशात धरतात. खऱ्या व्हायोलेटशी त्याचं काही नातं नाही, फुलं तेवढी तशी दिसतात. जंगलात ते सावलीतल्या कातळांवर, शेवाळाच्या पातळ थरात मुळं रोवून राहतं. उजेड एकाच बाजूने येतो म्हणून तिकडे झुकतं, फुटवे काढत पसरतं. तिथे गोल राहण्याची त्याला गरजच नसते.

घरातल्या रोपाचा आकार समजून घ्यायचा तर पानाच्या बेचक्याकडे पाहावं लागतं. देठ खोडाला जिथे मिळतो, त्या कोपऱ्यात एक कळी झोपलेली असते. ती जागी झाली की दोनपैकी एक गोष्ट होते: फुलांची दांडी येते किंवा फुटवा येतो. दांडी एकदा येऊन फुलून गेली की त्या बेचक्यातून सहसा पुन्हा फूल येत नाही. म्हणजे फुलं हवी असतील तर नवी पानं येत राहिली पाहिजेत, आणि नवी पानं येतात ती फक्त मधल्या शेंड्यातून. हा शेंडा ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार करतो. ते खोडातून खाली उतरतं आणि बेचक्यांतल्या कळ्यांना फुटव्यांच्या रूपात वाढू देत नाही. शेंड्याला इजा झाली, तो कुजला किंवा किडीने धरला, की हा धाक सुटतो आणि चारी बाजूंनी फुटवे निघतात. काही वाणांना मात्र धडधाकट असतानाही फुटवे काढायची सवय असते.

फुटवा म्हणजे त्याच खोडावर वाढू लागलेलं दुसरं रोप. त्याचा स्वतःचा शेंडा असतो, स्वतःची पानं असतात, आणि ती मूळ पानांना ढकलून वाकडी करतात. दोन-तीन महिने दुर्लक्ष झालं की कुंडीत पानांचा गुंता होतो आणि फुलं आटतात. म्हणून फुटवा लहान असतानाच काढायचा. इथे नवशिक्याची एक चूक हमखास होते, आणि ती माझ्याही हातून झाली आहे: फुटवा समजून फुलांची दांडीच खुडली जाते. कोवळ्या दांडीवरही दोन इवली पानं असतात. म्हणून चार पानं दिसेपर्यंत थांबावं. चार दिसली की तो फुटवाच. मग बोथट टोकाच्या चिमट्याने किंवा पेन्सिलीच्या टोकाने तो बुडापासून हलवून अलगद उचलायचा. वरची पानं तोडून बूड मागे ठेवलं तर तो पुन्हा येतो. लोंबत्या वाणांना हा नियम लागू नाही. त्यांचं सौंदर्यच अनेक शेंड्यांत आहे.

फुटव्यांखालोखाल आकार बिघडवतो तो उजेड. खिडकीत ठेवलेल्या रोपात ऑक्सिन सावलीच्या बाजूला जास्त साठतं, तिकडच्या पेशी लांबतात आणि देठ उजेडाकडे वळतात. दर काही दिवसांनी कुंडी पाव फेरा फिरवली, नेहमी एकाच दिशेने, तर हे वळण जमत नाही. उजेड कमी पडत असेल तर देठ लांब होऊन पानं वर उचलली जातात. फार झाला तर मधली पानं आखडतात, फिकी पडतात, कडेची कुंडीच्या काठाला खाली वळतात. रोप आपली तक्रार आकारातूनच सांगत असतं. फक्त मधली पानं फार घट्ट, केसाळ आणि ठिसूळ झाली तर उजेडाला दोष देण्याआधी सूक्ष्म कोळ्यांचा (डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या माइट या किडीचा) संशय घ्यावा आणि ते रोप लगेच इतरांपासून दूर ठेवावं.

खालची पानं काढताना बहुतेकांचा हात अडखळतो. हिरवंगार पान कसं तोडायचं? पण वरच्या मोठ्या पानांखाली दडलेली छोटी जुनी पानं आता वाढणार नसतात. ती गोलाई मोडतात आणि खाली हवा खेळू देत नाहीत. देठ बुडाशी धरून बाजूला हलकेच मोडला की स्वच्छ तुटतो. खुंट ठेवू नये, तो कुजतो. सुकलेली फुलंही वेळेवर काढावीत, कारण ओलसर हवेत त्यांच्यावरच बुरशी आधी बसते.

पानं अशी जात राहिली की खोडाचा उघडा भाग दिसू लागतो, रोपाला जणू मान येते. ती झाकण्याची युक्ती मला फार आवडते. मान जेवढी लांब, तेवढाच मुळांच्या गोळ्याचा तळ कापून टाकायचा, मानेवरची जुनी साल हलक्या हाताने खरवडायची आणि रोप त्याच कुंडीत खाली बसवून वर हलकं, भुसभुशीत मिश्रण भरायचं. उघड्या खोडातून नवी मुळं फुटतात. मोठी कुंडी लागतच नाही. रोपाच्या व्यासाच्या एक तृतीयांश रुंदीची पुरते.

पानांवरचे केस धूळ धरून ठेवतात. ती मऊ ब्रशने देठाकडून टोकाकडे झाडावी. धुवायचंच असेल तर पाणी खोलीच्या तापमानाचं किंवा कोमट असावं. पानापेक्षा बरंच थंड पाणी पडलं की पानाच्या वरच्या थरातल्या पेशींमधली रसाची पिशवी फुटते, आतला आंबट रस पेशीत पसरतो आणि हरितकणांचा नाश होतो. ते पांढुरके चट्टे कायमचे राहतात. दोष पाण्याचा नसतो, तापमानाच्या धक्क्याचा असतो.

काढलेला प्रत्येक फुटवा टाकून देऊ नये. ज्या वाणांच्या फुलांवर चक्रीसारखे पट्टे असतात, त्यांच्या बाबतीत तो मोलाचा असतो. अशा रोपाच्या शेंड्यात वेगवेगळ्या जनुकांचे थर एकमेकांवर बसलेले असतात. पान मातीत लावून एरवी सहज नवी रोपं मिळतात, पण ती पानाच्या बाहेरच्या थरातून निघतात, आणि पट्टे हरवतात. फुटव्यात मात्र सगळे थर जसेच्या तसे असतात. असा फुटवा जरा मोठा होऊ द्यावा, बुडापासून सोडवून ओलसर मिश्रणात बसवावा आणि पारदर्शक झाकणाखाली, थेट ऊन न लागणाऱ्या उजेडात ठेवावा. मधून नवं पान डोकावू लागलं की झाकण रोज थोडा थोडा वेळ उघडं ठेवायचं.