चित्रकार, कारागीर की कलावंत? पालघरच्या चित्रकारांना मिळणाऱ्या मदतीची पार्श्वभूमी

पालघर जिल्ह्यातला वारली चित्रकार सरकारी मदतीचा अर्ज भरायला बसला की 'व्यवसाय' या रकान्यापाशीच अडतो. 'कारागीर' लिहिले तर अर्ज एका खात्याकडे जातो, 'कलावंत' लिहिले तर दुसऱ्या. 'चित्रकार' लिहिले तर तो कुठे जाईल, हे समोरच्या कारकुनालाही सांगता येत नाही. हा घोळ कारकुनाने घातलेला नाही. तो पन्नास वर्षांत थराथराने साचत गेला आहे.

वारली चित्र कसे असते हे सांगायची गरज नाही. साडीच्या पदरापासून शाळेच्या कुंपणापर्यंत ते सर्वांनी पाहिलेले आहे. लक्षात ठेवायचे ते एवढेच की लग्नघरातला चौक, म्हणजे भिंतीवरचे लग्नाचे चित्र, सवासिनी लिहीत. 'लिहिणे' हाच तिथला शब्द, 'काढणे' नव्हे. धवलेरीच्या, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईच्या, गाण्यांनी लग्न लागे. लग्न पार पडले की चौकाचे काम संपे आणि पुढच्या सारवणात तो पुसला जाई. त्याला ना भाव होता, ना सही.

कागद आला तो दुष्काळाच्या मागोमाग. बिहारमध्ये 1966-67 च्या दुष्काळात केंद्राच्या हस्तकला मंडळाने मिथिलेतल्या बायकांना कागद दिला होता. भिंतीवरचे चित्र कागदावर उतरावे, विकले जावे आणि घरात चार पैसे यावेत, असा साधा हिशेब त्यामागे होता. ते काम करणारा मुंबईचा मराठी चित्रकार सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डहाणूकडे आला. त्याने बायकांनी लिहिलेले चौक पाहिले, पण कागदावर नाव झाले ते डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावच्या एका पुरुषाचे. 1975 मध्ये मुंबईच्या एका खासगी दालनात त्याची चित्रे लागली आणि 1976 मध्ये त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सवासिनींचे काम पुरुषांकडे गेले. ही घटना बहुतेक लेखांत एका ओळीत उरकली जाते. तिच्यावर स्वतंत्र टिपण व्हायला हवे. इथे तेवढी जागा नाही.

पुढच्या सगळ्या गुंत्याचे मूळ मात्र याच टप्प्यावर आहे. कागद घेऊन आलेली यंत्रणा हस्तकलेची होती. ती वस्त्रोद्योगाच्या छत्राखाली वाढली आणि तिची भाषा उत्पादन, बाजारपेठ, मेळावा, ओळखपत्र अशी राहिली. ललित कलांची अकादमी दिल्लीत 1954 पासून आहे, पण डहाणूच्या पाड्यावर आधी पोचला तो हस्तकलेचा माणूस. ज्या दाराने पहिली मदत आली, त्याच दाराची पाटी चित्रावर बसली. 1989 मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात गंजाडच्या चित्रकाराचे काम जगभरच्या समकालीन कलावंतांच्या बरोबरीने मांडले गेले. 2011 मध्ये त्याला पद्मश्री मिळाली, तीही कला या क्षेत्रासाठी. त्याच्या शेजारच्या पाड्यावरचा तरुण मात्र स्टॉल हवा असेल तर आजही हस्तकला कारागिराचे ओळखपत्र काढतो. 2016 पासून ते आधारशी जोडलेले आहे. ते कार्ड निरुपयोगी आहे असे नाही. मेळाव्यात जागा आणि प्रशिक्षणाची सोय त्यावरच मिळते. पण मेळाव्यात चित्राचा भाव बहुधा आकारावरून ठरतो, आणि काढणाऱ्याचे नाव विचारणारे गिऱ्हाईक विरळाच.

यातला सर्वात वादाचा निर्णय भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे एखाद्या प्रदेशाशी जोडलेल्या मालाचे नाव कायद्याने नोंदवण्याचा. कारखान्यात छापलेल्या पडद्यांवर, कपबशांवर वारली आकृत्या सर्रास दिसू लागल्या तेव्हा डहाणू तालुक्यातल्या एका आदिवासी युवक संघटनेने अर्ज केला आणि 2014 मध्ये नोंदणी झाली. नोंदवहीत वर्ग पडला हस्तकलेचा. अनेकांना हा त्या संघटनेचा दोष वाटतो. माझ्या मते तो तसा नाही, कारण 1999 च्या मानांकनाच्या कायद्यात 'माल' म्हणजे शेतीचा, निसर्गातला किंवा तयार केलेला माल, हस्तकलेचा माल, उद्योगाचा माल आणि खाद्यपदार्थ. चित्रकला हा शब्द त्या व्याख्येत कुठेच नाही. ज्याला आपले चित्र या कायद्याच्या आसऱ्याला न्यायचे आहे, त्याला आधी ते हस्तकला आहे असे मान्य करावे लागते.

मान्य केल्यावर हाती काय लागले, यावर मात्र वाद घालता येतो. मानांकन रक्षण करते ते 'वारली चित्र' या नावाचे. तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवणाऱ्याभोवतीच्या फेराची आकृती कुणी उचलली, तर ती केवळ मानांकनाच्या जोरावर परत मिळवता येत नाही. शिवाय नाव वापरण्यासाठी प्रत्येकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते आणि पाड्यावर राहणाऱ्याला ती आपोआप होत नाही. उलट 1957 च्या कॉपीराइट कायद्यात चित्र हे थेट कलाकृती आहे. त्यात कलागुण असोत वा नसोत, असेही कायदा बजावतो. चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे चालतो. म्हणजे तोच कागद एका कायद्याच्या टेबलावर हस्तकलेचा माल, तर दुसऱ्याच्या टेबलावर कलाकृती. पहिल्यात समूह उभा राहतो, दुसऱ्यात एकटा माणूस. मानांकनाचे समारंभ झाले, फलक लागले; त्या मानाने एकट्या चित्रकाराला त्याचा कॉपीराइट समजावून सांगण्याचे काम फारच थोडे झाले. हे दोन्ही एकाच वेळी करता आले असते.

या कारागीरपणाची खरी थट्टा 2023 मध्ये झाली. पारंपरिक कारागिरांसाठी केंद्राने विश्वकर्मा योजना आणली. त्यात 18 व्यवसाय, प्रशिक्षणात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15 हजार आणि आधी 1 लाख, मग 2 लाख असे 5 टक्के व्याजाचे कर्ज. यादीत सुतार, लोहार, कुंभार आहेत, मूर्तिकार आहे, टोपल्या विणणारा आहे, हारवाला आणि न्हावीही आहे. भिंतीवर किंवा कागदावर चित्र काढणारा नाही. पन्नास वर्षे ज्याला कारागीर म्हटले, त्याला कारागिरांच्या योजनेतच रकाना उरला नाही.

राज्याच्या बाजूने 'कलावंत' हा शब्द आहे. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची योजना 1954-55 पासून चालत आली आणि 2024 मध्ये मानधन सरसकट 5 हजार रुपये महिना झाले. पण योजनेचा तोंडवळा कीर्तन, भजन, तमाशा, शाहिरी, नाटक असा. कार्यक्रम केल्याचा पुरावा द्यायचा म्हणजे पत्रिका आणि कात्रणे लागतात. लग्नात चौक लिहिणाऱ्या म्हातारीकडे कुठली पत्रिका असणार?

तिसरी वाट चित्रकलेच्या शिक्षकाची. ग्रामीण भागातल्या कलाशिक्षण घेतलेल्या मुलांसाठी, वारली असोत वा नसोत, पगाराची हमी असलेली ती जवळपास एकमेव वाट होती. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, मग एटीडी ही कलाशिक्षकाची पदविका, मग हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला विषयाला 'अंशकालीन', म्हणजे अर्धवेळ, निदेशक आला, तोही या वर्गांत शंभरावर मुले असतील तिथे. एका विशेषणाने नोकरीची मानधनावरची रोजंदारी झाली. ग्रेड परीक्षेचे वाढीव गुण दहावीला आजही मिळतात, त्यामुळे परीक्षेला गर्दी असते. ती मुले पुढे कुठे जाणार हा प्रश्न मात्र त्या गुणपत्रिकेवर नसतो.

1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. वसई-विरारची दाटी सोडली तर जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी, डहाणू हा भाग अजून गावपाड्यांचाच आहे. जिल्ह्यात आदिवासी साधारण 37 टक्के. आदिवासी विकासाची प्रकल्प कार्यालये जव्हार आणि डहाणूला आधीपासून होती. जिल्हा वेगळा झाल्याने मोखाड्याच्या माणसाची ठाण्याची फेरी वाचली, आणि मानधनासाठीची निवड समितीही जिल्ह्याची स्वतःची झाली. 2014 हेच मानांकनाचेही वर्ष, म्हणून नव्या जिल्ह्याची ओळख म्हणून वारली चित्र पुढे आले आणि सरकारी इमारतींच्या भिंतींवर ते रंगवले जाऊ लागले. ही कामे बहुधा रंगकामाच्या ठेक्यात, चौरस फुटाच्या दराने निघतात.