स्टिक सैल का धरायची?

“कायले आवळून रायला बे स्टिक? सैल धर ना!” वरुड असो, पुसद असो की वणी, तालुक्याच्या गावी बसस्टँडमागच्या एखाद्या गाळ्यात पूलचं (स्टिकनं पांढरा बॉल मारून त्यानं बाकीचे बॉल टेबलाच्या कडेच्या पॉकेटांत, म्हणजे भोकांत, घालायच्या खेळाचं) टेबल असेल, तर नवख्या पोराला हे पहिल्याच संध्याकाळी ऐकावं लागतं. सल्ला अगदी बरोबर आहे. कारण मात्र बहुतेकदा चुकीचं सांगितलं जातं. सैल हातानं बॉलला स्पिन जास्त मिळतो, घट्ट हातानं फटका मरतो, असं काहीतरी. खरं म्हणजे स्टिक बॉलला लागते त्या क्षणी मूठ कशी आहे, याच्याशी बॉलला जवळजवळ काहीच देणंघेणं नसतं.

स्टिकचं चामडी टोक आणि पांढरा बॉल एकमेकांना चिकटून असतात जेमतेम एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. बॉलचं वजन सुमारे १७० ग्रॅम. मध्यम फटक्यात तो सेकंदाला तीन मीटर वेगानं निघतो असं धरा. एवढा वेग एवढ्या कमी वेळात द्यायचा, तर टोकापाशी सरासरी ५० किलो वजनाइतका जोर पडतो. हा जोर तुमच्या दंडातून त्या क्षणी येत नाही. स्टिकला आधीच आलेल्या वेगातून तो येतो. साधारण ५४० ग्रॅमची स्टिक बॉलवर आदळते, आपल्या वेगापैकी चाळीसेक टक्के गमावते आणि बॉल तिच्यापेक्षा जास्त वेगानं पुढे सुटतो.

धक्का लागल्याची खबर लाकडातून मुठीपर्यंत मिलिसेकंदाच्या आतच पोचते. पण मुठीतून मज्जातंतूंमार्गे पाठीच्या कण्यापर्यंत जायला तिला आणखी पंधरा-एक मिलिसेकंद लागतात. तोवर बॉल चार-साडेचार सेंटिमीटर गेलेला असतो. मेंदूनं विचार करून हाताला काही हुकूम सोडायचा म्हटलं, तर किमान दीडशे मिलिसेकंद हवेत आणि तेवढ्यात बॉल हातभर लांब पोचतो. म्हणजे फटक्याच्या मध्येच हात सावरून घेण्याचा प्रश्नच येत नाही. ‘घट्ट धरलं की हाताचं वजनही बॉलच्या मागे लागतं’ हा समजही फारसा टिकत नाही. तळव्याचं मांस मऊ असतं. एका मिलिसेकंदात ते जरासं दबतं, बस्स. त्यामागचा जड हात कामाला लागेपर्यंत भेट आटोपलेली असते.

मग सैल धरण्याचा फायदा होतो कुठे? फटक्याच्या आधी. बॉलला टोक लागण्यापूर्वीच्या शेवटच्या पाव सेकंदात.

स्टिक दोन ठिकाणी टेकलेली असते. पुढे डाव्या हाताच्या बोटांवर आणि मागे उजव्या मुठीत. पुढचा टेकू टोकापासून साधारण २० सेंटिमीटरवर आणि मूठ त्या टेकूच्या मागे एक मीटरभर. आता ऐन वेळी मूठ आवळली आणि तिच्यासोबत स्टिकचं बूड पाच मिलिमीटर उजवीकडे सरकलं, असं समजा. बोटं मिटताना एवढं सहज सरकतं. टोक एक मिलिमीटर डावीकडे जातं आणि स्टिकची दिशा पाव अंशाहून थोडी जास्त बिघडते. हे ऐकायला काहीच वाटत नाही. पण पांढरा बॉल एक मीटर गेला की तो पाच मिलिमीटर चुकलेला असतो. दोन गोल वस्तूंची टक्कर चूक मोठी करून पुढे पाठवते. पांढरा बॉल पाच मिलिमीटरनं चुकून लागला, की समोरचा बॉल जवळजवळ पाच अंश वाकडा निघतो आणि पॉकेट ६० सेंटिमीटरवर असेल, तर तिथे पोचेपर्यंत तो पाच सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो. पॉकेटचं तोंड बारा-एक सेंटिमीटर रुंद आणि बॉल स्वतः ५७ मिलिमीटरचा, म्हणजे इकडेतिकडे तीन सेंटिमीटरचीच सूट. बॉल कडेला आपटतो, परत येतो आणि मालकाच्या टेबलाला शिव्या बसतात.

यात एक गंमत आहे आणि ती न सांगता पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. टोक बॉलच्या मध्यावर न लागता डावीकडे लागलं, की बॉल स्टिकच्या रेषेत न जाता किंचित उजवीकडे फेकला जातो. म्हणजे स्टिक वळल्यानं झालेली चूक काही प्रमाणात आपोआप भरून निघते. टेकू नेमका योग्य अंतरावर पडला, तर दिशेची चूक जवळपास पुसलीही जाते. मुरलेले खेळाडू हे मुद्दाम वापरतात. पण नवख्याच्या टेकूचं अंतर दर फटक्याला वेगळं असतं, त्यामुळे ही भरपाई कधी मिळते, कधी नाही. शिवाय बॉलला नको तो आडवा स्पिन मिळालेला असतोच. तो समोरच्या बॉलला घासून थोडा बाजूला ढकलतो आणि कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवरून, उलटताना कोन बदलतो. या सगळ्याचं गणित जुनं आहे. गास्पार कोरिओलिस हा फ्रेंच शास्त्रज्ञ, ज्याच्या नावाचा परिणाम आपल्या मान्सूनच्या वाऱ्यांना वळवतो, त्यानं १८३५ साली बिलियर्ड्सच्या बॉलांच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. आणि हा खेळ आपल्यापासून फार लांबचा आहे असंही नाही. पूलचा भाऊबंद असलेला स्नूकर जन्मला तो नागपूरच्या उत्तरेला, जबलपूरच्या छावणीत, १८७५ साली.

आता हाताकडे येऊ. बोटं मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर ते मनगट या भागात असतात. डावा हात उजव्या कोपराच्या खाली ठेवा आणि उजवी मूठ हळूहळू आवळा. आतल्या बाजूचे स्नायू फुगलेले कळतात, पण त्याचबरोबर वरच्या, मागच्या बाजूचेही ताठ होतात. बोटं मिटताना मनगट आत वाकू नये म्हणून उलट्या बाजूचे स्नायू त्याला धरून ठेवतात. परिणामी मनगट घट्ट होतं आणि ज्या कोपरावर हात लोलकासारखा झुलायला हवा, तिथली मोकळीकही कमी होते. वर आणखी एक अडचण. स्नायू जितका जोर लावतो तितका तो जोर जास्त डळमळतो. थोडी ताकद लावताना चढउतार थोडा, जास्त लावताना जास्त. सुईत दोरा ओवणारा माणूस बोटं आवळत नाही, ते याचमुळे.

मग मूठ आवळली जाते तरी कशाला? माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हाच भाग सगळ्यात मजेशीर आहे. मेंदूला धक्क्याची चाहूल आधीच लागते. आपणच आपल्या एका हातातल्या भांड्यात दुसऱ्या हातानं काही टाकणार असू, तर ते पडण्याच्या क्षणभर आधीच भांडं धरलेल्या बोटांची पकड वाढते. हे प्रयोगांत मोजलेलं आहे. बाभळीवर कुऱ्हाड घालणाऱ्याच्या हातात नेमकं हेच होतं आणि तिथे ते व्हायलाच हवं, नाहीतर दांडा हातातून निसटेल. पूलमध्ये मात्र धक्क्यानंतर सांभाळायचं काहीच उरलेलं नसतं. वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेली ही शहाणी सवय इथे ऐन मोक्याला बूड हलवते. म्हणून ‘सैल धर’ हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड. निशाणा घेताना सगळेच सैल धरतात. आवळलं जातं ते शेवटच्या क्षणी, नकळत.

मुळात ताकद किती लागते ते पाहा. स्टिकच्या वजनातलं मागच्या हातावर येतं सुमारे ४०० ग्रॅम, बाकीचं पुढच्या टेकूवर. मध्यम फटक्यासाठी तिला वेग द्यायला लागतो ७०० ग्रॅम वजनाइतका जोर. तरण्या पोराची मूठ ४० किलोच्या आसपास जोर लावू शकते. स्टिक चिमटीत दाबून न धरता वाकवलेल्या दोन-तीन बोटांवर नुसती ठेवली, अंगठा खाली सोडला आणि तळव्यात थोडी पोकळी राहू दिली, तर वजन बोटंच पेलतात, दाबायला फारसं काही राहत नाही. जमलं की नाही हे तपासायचं असेल, तर फटका झाल्यावर लगेच उठू नका. स्टिक आहे तिथेच राहू द्या आणि टोक कोणत्या बाजूला गेलंय ते पाहा. दर वेळी एकाच बाजूला जात असेल, तर मूठ आवळली जातेय.

ब्रेकचा, म्हणजे सुरुवातीला मांडलेले बॉल फोडायचा, फटका याला अपवाद. तिथे बॉल सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगानं सोडायचा असतो, स्टिकला चार किलो वजनाइतका जोर लागतो आणि बोटांवर नुसती ठेवलेली स्टिक हातातून सरकते. तिथे पकड थोडी वाढवावीच लागते, पण ती सुरुवातीपासून. मध्येच नाही.

राहता राहिला घाम. तळहाताचा घाम उन्हापेक्षा जास्त मनाच्या ताणानं सुटतो. शेवटचा, डाव जिंकून देणारा काळा बॉल शिल्लक आणि भोवती आठ-दहा जण उभे असले, की जानेवारीतही सुटतो. मेच्या पंचेचाळीस अंशात तर विचारूच नका. हात निसरडा झाला की बोटं आपोआप जोर वाढवतात, सांगावं लागत नाही. त्यामुळे दर फटक्याआधी दुपट्ट्याला हात पुसणं हा नखरा नव्हे. बुडापाशी स्टिक गुळगुळीत झाली असेल, तर तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवावा. रबराचं घर्षण जास्त, त्यामुळे कमी दाबातही स्टिक सरकत नाही. फक्त मालकाला आधी विचारा.