नारू, पायविहीर आणि हापसा

नारू या जंताच्या रोगावर ना औषध होतं, ना लस. आजही नाही. तरीही तो भारतातून गेला, कारण लोकांची पाणी भरण्याची पद्धत बदलली.

पायविहिरीत, म्हणजे पायऱ्या उतरून जायच्या विहिरीत, पाणी भरायचं तर घोटाभर पाण्यात उभं राहावं लागे. पायावर नारूचा फोड असला की भयंकर आग होई आणि पाण्यात पाय घातल्यावर बरं वाटे. पण नेमका तिथेच फोड फुटून आतल्या जंताची मादी हजारो अळ्या सोडी. सायक्लॉप्स नावाचे बारीक पाणकिडे त्या अळ्या गिळत आणि दोनेक आठवड्यांत रोग द्यायला तयार होत. ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने शेवईसारखा, मीटरभर लांबीपर्यंतचा जंत डोकं काढी. तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढावा लागे. घाईने तुटला की जखम चिघळे आणि ऐन कामाच्या दिवसांत माणूस अंथरूण धरी.

सायक्लॉप्सचा हा दुवा १८७० च्या सुमारास फेडचेन्को या रशियन संशोधकाने दाखवला. देशव्यापी मोहीम मात्र १९८३-८४ मध्ये सुरू झाली. तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत जवळपास ४० हजार रुग्ण होते. घरोघर शोध, पाणी दुहेरी फडक्याने किंवा नायलॉनच्या जाळीने गाळणं आणि विहिरीत टेमिफॉस हे सायक्लॉप्स मारणारं कीटकनाशक टाकणं, अशी कामं एकत्र चालली. टेमिफॉसचं प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे एक लाख लिटर पाण्याला ५० टक्क्यांचं द्रावण २०० मिलिलिटर. त्यासाठी आधी विहिरीतलं पाणी मोजावं लागे. अंदाजाने टाकलं आणि कमी पडलं, तर किडे जगत.

खरा टिकाऊ उपाय म्हणजे पायऱ्या बंद करून, कठडा बांधून रहाट बसवणं, किंवा बोअर घेऊन हापसा बसवणं. पण घरगुती वापराचे बिडाचे हापसे गावभराच्या वापराने सांध्यात मोडत, आणि हापसा बंद पडला की बाया पुन्हा पायविहिरीकडे वळत. म्हणूनच जालन्यात आणि पुढे सोलापुरात घडलेल्या दणकट पोलादी हापशांचं मोल मोठं आहे. त्यांच्याच धर्तीवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इंडिया मार्क २ हा हापसा आला.

देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला. त्यानंतरही तीन वर्षांहून अधिक काळ शोध चालू राहिला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणित केलं.