शंभर एमबीपीएसचं नेट, दीडशे केबीचं अपडेट

गेल्या रविवारी भाच्याने लॅपटॉपवर पहिल्यांदाच लिनक्स टाकलं आणि तासाभरात फोन केला. "मामा, स्पीड टेस्ट ९५ दाखवते, पण अपडेट दीडशे केबीच्या वर सरकत नाही. काय घोटाळा आहे?" यूट्यूबवर बघून डीएनएस बदलून झाला होता. आता सगळी सिस्टीम परत टाकायच्या बेतात होता.

डीएनएस बदलला की डाउनलोड दुप्पट होतं, हा नव्या जमान्याचा गंडादोरा. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा नाक्यावरचा पानवाला. त्याने पत्ता झटकन सांगितला म्हणून पुढचा रस्ता आखूड होत नाही.

आधी एककं बघू. ९५ हे मेगाबिट. आठाने भागलं की सेकंदाला जेमतेम १२ मेगाबाइट. एपीटी, म्हणजे अपडेट उतरवून घेणारा लिनक्समधला प्रोग्राम, आकडा बाइटमध्ये दाखवतं. तरीही १५० किलोबाइट म्हणजे ऐंशीवा हिस्सा झाला. स्पीड टेस्ट जवळचा सर्व्हर शोधते आणि बहुतेकदा एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते. अपडेट येत होतं कुठून? त्या सर्व्हरला पिंग करायला लावलं, म्हणजे हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघायला. उत्तर आलं १८० मिलिसेकंदांत. म्हणजे सर्व्हर दूरदेशी.

काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ रेषेत ७२०० किलोमीटर, म्हणजे आदर्श स्थितीतही जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंद. केबलचे वळसे आणि मधले राउटर वेगळेच. या एका जाण्या-येण्याला खेप म्हणू. सगळी मेख खेपेत आहे.

फाइल पाठवणारा सर्व्हर सगळं एकदम ओतत नाही. टीसीपी या नेटवरच्या देवघेवीच्या नियमावलीप्रमाणे तो आधी साधारण १० पाकिटं, म्हणजे १४-१५ किलोबाइट पाठवतो आणि 'पोचलं' अशा पावतीची वाट बघतो. पावती आली की पुढच्या खेपेला २०, मग ४०, मग ८०. हा सावधपणा ठेच लागून आलेला आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातल्या दुव्याचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आपटला. अंतर किती, तर ४०० यार्ड! गर्दीत हरवलेली पाकिटं सगळे पुन्हा पुन्हा पाठवत होते, त्याने गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावर उपाय मांडला: हळू सुरुवात करा, आणि पाकीट हरवलं की माघार घ्या.

आता थोडं गणित. १०० मेगाबिटची लाइन १८० मिलिसेकंदांच्या खेपेत भरलेली ठेवायची, तर वाटेत कायम सव्वादोन मेगाबाइट माल हवा, म्हणजे सुमारे दीड हजार पाकिटं. त्यातलं एक हरवलं की जुन्या नियमाने माल निम्मा करायचा, मग दुप्पट नव्हे, खेपेमागे एकेकच पाकीट वाढवायचं. साडेसातशे पाकिटं भरून काढायला तितक्याच खेपा, म्हणजे दोन मिनिटांहून जास्त! हेच सर्व्हर ८ मिलिसेकंदांवर असेल तर वाटेत लागतात ७० पाकिटं आणि घसरण भरून निघते पाव सेकंदात. दोन्हीकडे लाइन तीच, फरक फक्त अंतराचा. लिनक्समध्ये २००६ पासून क्यूबिक ही पद्धत आहे. ती खेपा मोजण्याऐवजी घड्याळाकडे बघून माल वाढवते, त्यामुळे इतकी रखडपट्टी होत नाही. पण दुरून येणाऱ्या पाकिटांना हरवायला वाटही लांब मिळते.

म्हणून इलाज एकच, जवळचा मिरर. मिरर म्हणजे त्याच पॅकेजांची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची, दुसरीकडे ठेवलेली प्रत; विद्यापीठं आणि नेट कंपन्या अशा प्रती ठेवतात. परक्याच्या प्रतीवर विश्वास कसा ठेवायचा? मूळ यादीवर डिजिटल सही असते आणि त्या यादीत प्रत्येक पॅकेजचा ठसा असतो. मधे कुणी ढवळाढवळ केली तर ठसा जुळत नाही आणि एपीटी ते पॅकेज घेत नाही.

उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स' उघडून 'डाउनलोड फ्रॉम'मध्ये 'अदर' निवडलं की 'सिलेक्ट बेस्ट सर्व्हर' हे बटण मिळतं. भाच्याने ते दाबलं, मिनिटभर चाचण्या चालल्या आणि आकडा ९ एमबीवर गेला.

"मामा, पण सिक्युरिटी अपडेटच्या दोन ओळी अजून रांगतायत." त्या मुद्दाम वेगळ्या पत्त्यावरून येतात. मिरर मूळ साठ्याच्या काही तास मागे असू शकतो, आणि सुरक्षेची डागडुजी शिळी नको. त्या तशाच राहू दे म्हटलं.