आरशात दिसलेला रंग फोटोत कुठे जातो?

पापण्यांवर ड्युओक्रोम आयशॅडो लावून आरशासमोर उभं राहिलं, की मान जराशी वळवताच जांभळ्याचा हिरवा होताना दिसतो. त्याच चेहऱ्याचा फोटो काढला, तर पापणीवर नुसता करडा डाग. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला वाटलं, अजून आपला हात बसलेला नाही. चार-पाच संध्याकाळी प्रयोग केल्यावर कळलं, मेकअप ठीकच होता. दिवा चुकीच्या जागी होता.

या आयशॅडोतला बदलता रंग कुठल्या रंगद्रव्याचा नसतो. त्यात अभ्रकाचे सूक्ष्म पापुद्रे असतात आणि त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो, तेव्हा काही रंग जोर धरतात, काही विझून जातात. साबणाच्या फुग्यावर रंग खेळतात ते याच व्यतिकरणामुळे. थर साधारण 50 नॅनोमीटरचा असला तर चंदेरी झाक येते. तो जाड करत नेला की सोनेरी, लाल, निळी आणि मग हिरवी. आपला केस याच्या सुमारे हजारपट जाड असतो! पदार्थ तोच, फक्त जाडी बदलली आणि रंग बदलला, याचं मला अजूनही नवल वाटतं.

हे पापुद्रे इवल्या आरशांसारखे वागतात, ठरावीक दिशेलाच रंग परतवतात. आरशासमोर आपण हलत असतो, म्हणून सगळे कोन पाहायला मिळतात. फोटोच्या वाट्याला एकच कोन येतो. त्यामुळे मी कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का केला, पडद्यावर नजर ठेवली आणि हातातला दिवा चेहऱ्याभोवती सावकाश फिरवला. कपाळाच्या थोडा वर, डाव्या बाजूला आल्यावर पापणी एकदम हिरवी उजळली. दिवा तिथेच ठेवला.

दुसरा प्रयोग याहून सोपा आहे. एका पापणीवर आधी काळी पेन्सिल चोळा, दुसरीवर पांढरा बेस लावा आणि दोन्हींवर तीच शेड लावा. काळ्यावर रंग खुलतो, पांढऱ्यावर फिका पडतो. पापुद्र्यांतून पार गेलेला प्रकाश काळा थर गिळून टाकतो, त्यामुळे परतलेला रंग एकटाच डोळ्यांपर्यंत पोहोचतो. पांढरा थर मात्र तो पार गेलेला प्रकाशही माघारी पाठवतो, आणि दोन पूरक रंग मिसळून सगळं पांढुरकं होतं. (चमक हवी म्हणून हस्तकलेची चमकी डोळ्यांजवळ कृपा करून लावू नका. तिच्या कडा बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला ओरखडे पाडू शकतात.)

गडद लाल लिपस्टिकची अडचण वेगळी. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर ब्राइस बायर यांनी कोडॅकमध्ये आखलेली जाळी असते. तिचं पेटंट 1976 चं. तिच्यात निम्मे ठिपके हिरव्यासाठी, पाव लाल आणि पाव निळ्यासाठी असतात. भडक लाल ओठांचा जवळजवळ सगळा तपशील त्या पाव ठिपक्यांवर येतो आणि ते काठोकाठ भरले, की ओठांवरच्या बारीक रेषा पुसल्या जाऊन एक सपाट लाल पट्टा उरतो. एक्स्पोजर थोडं कमी केलं तर रेषा परत दिसतात.

आता अंतर. नाकाचं टोक कानांपेक्षा साधारण 12 सेंटीमीटर पुढे आहे असं धरू. फोन नाकापासून 30 सेंटीमीटरवर धरला तर कान 42 वर, म्हणजे कानांच्या तुलनेत नाक 40 टक्के मोठं उमटतं. दीड मीटरवरून हाच फरक 8 टक्क्यांवर येतो. दोष लेन्सचा नाही, निव्वळ भूमितीचा आहे. म्हणून मी टायमर लावते, मागे सरकते आणि नंतर फोटो कापून घेते. हातभर अंतरावरच्या सेल्फीवरून कुणी स्वतःच्या नाकाला नावं ठेवू लागलं की मला खरंच वाईट वाटतं.

शेवटी उरतो डावा-उजवा घोळ. 1977 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना त्यांचाच फोटो सरळ आणि उलटा असा दोन्ही प्रकारे दाखवला गेला. त्यांना स्वतःला आरशातल्यासारखा उलटा फोटो जास्त आवडला, तर त्यांच्या मित्रमैत्रिणींना सरळ. ज्याला जी बाजू सवयीची, त्याला ती बरी वाटली. एका डोळ्यावर निळी लाट आणि दुसरा कोरा, असा एकांगी मेकअप केला की हा फरक फार जाणवतो. मी आता रंगवतानाच मध्ये थांबून एक फोटो काढते, तो सरळ करून बघते आणि मगच लाटेचं टोक कुठे वळवायचं ते ठरवते.