‘स्टॅटिक’ या शब्दाचा गुंता: वाय-फायवरच्या आयपी वाटपाची पार्श्वभूमी

सोलापुरात नेट जोडून देणारी पोरं दिवसातून दहादा ‘स्टॅटिक मारा’ हे ऐकतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचा प्रिंटर असो की जुळे सोलापुरातल्या बंगल्याचा कॅमेरा, शब्द तोच. अर्थ मात्र तीन. नेटवाल्याकडून पैसे मोजून घेतलेला, बाहेरून दिसणारा कायमचा आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्र ओळखायचा आकडा), हा एक. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये हाताने भरलेला आकडा, हा दुसरा. राउटरने यंत्राचा मॅक (नेटसाठीचा ओळख क्रमांक) ओळखून दरवेळी दिलेला तोच पत्ता, हा तिसरा. सांगणाऱ्याच्या मनात एक आणि करणाऱ्याच्या हातून दुसरंच, असं सर्रास होतं.

खरं तर तिसरा अर्थ एका जुन्या पद्धतीच्या जवळचा. 1985 सालच्या, यंत्रांना पत्ते देणाऱ्या बूटपी पद्धतीत मॅक आणि पत्ता यांची जोडी आधीच तक्त्यात लिहून ठेवावी लागे. 1993 साली डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी पद्धत) आलं आणि पत्ता मुदतीवर देण्याची सोय झाली. 1997 सालचा सुधारित मसुदा आजही पाया आहे. त्यात वाटपाच्या तीन तऱ्हा आहेत: कायमचा आपोआप, मुदतीचा आणि ‘मॅन्युअल’. गोम या मॅन्युअलमध्ये आहे. पत्ता माणसाने ठरवायचा, पण तो यंत्रापर्यंत पोचवायचा डीएचसीपीनेच, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे मात्र मॅन्युअल म्हणजे यंत्रात जाऊन आकडे भरणं असंच रूढ झालं. त्यात राउटर बनवणाऱ्यांनी एकाच गोष्टीला कुठे ‘रिझर्व्हेशन’, कुठे ‘बाइंडिंग’, कुठे ‘स्टॅटिक लीज’ म्हटलं. नवख्या मुलाने गोंधळू नये तर काय करावं?

हाताने भरण्याचं नुकसान असं. राउटरचा पूल, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा, 192.168.1.2 पासून सुरू, प्रिंटरला भरलाय 192.168.1.5, आणि प्रिंटरवर सेलोटेपने तशी चिठ्ठी. रात्री प्रिंटर बंद. सकाळी पॅकिंगवाल्याचा मोबाइल आधी जोडला जातो आणि राउटर .5 त्याला देऊन टाकतो. मग प्रिंटर चालू होतो आणि चलन निघायच्या वेळेला कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच पत्त्यावर दोन यंत्रं. पूल .100 पासून सुरू केला असता, तर हे घडलंच नसतं. हाताने भरणाऱ्यांचंही म्हणणं आहे: नेटवाला बदलला की राउटर बदलतो आणि त्यातली सगळी रिझर्व्हेशन्स जातात. ते खरं आहे. पण नवा राउटर पत्त्यांची वेगळी मालिका घेऊन आला, तर हाताने भरलेला प्रिंटरही सापडत नाहीच.

भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 साली परवान्याविना खुला झाला. पुढे घरोघरी आलेल्या डब्यात राउटर, अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारा) आणि पत्ते वाटणारा असे तिघे एकत्र होते. त्यामुळे रेंज वाढवायला तसाच दुसरा डबा लावला की वाटणारेही दोन होतात. मोबाइल बहुधा आधी उत्तर देणाऱ्याचा पत्ता घेतो. ते उत्तर दुसऱ्या डब्याचं असेल, तर गेटवे (बाहेर जायचं दार) म्हणूनही तोच बसतो आणि वाय-फायचे दांडे पूर्ण दिसूनही नेट चालत नाही. उपाय छोटा आहे: दुसऱ्या डब्याचं डीएचसीपी बंद, त्याचा स्वतःचा पत्ता पूलबाहेरचा, उदाहरणार्थ पूल .100 पासून असेल तर 192.168.1.3, आणि वायर लॅन पोर्टमध्ये.

एप्रिल 2011 मध्ये आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा जुन्या (आयपीव्ही4) पत्त्यांचा सर्वसाधारण साठा संपला. 2012 साली 100.64 ने सुरू होणारी मालिका नेटवाल्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखली गेली. राउटरच्या वॅन (नेटवाल्याकडच्या बाजूच्या) पानावर 100.64 ते 100.127 यांतलं काही दिसलं, तर बाहेरचा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला आहे. घरातल्या कॅमेऱ्याला कितीही ‘स्टॅटिक मारा’, राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून तो बाहेरगावाहून दिसणार नाही. त्यासाठी पहिल्या अर्थाचा स्टॅटिक विकत घ्यावा लागतो. हे काम घेण्याआधीच गिऱ्हाइकाला सांगायला हवं.

अँड्रॉइड 10 आणि 2020 सालच्या आयओएस 14 पासून मोबाइल प्रत्येक वाय-फाय नावासाठी बनावट मॅक वापरू लागले. ऑफिस आणि पॅकिंग हॉलच्या वाय-फायला दोन नावं दिली, तर एकच मोबाइल पूलमधल्या दोन जागा अडवतो आणि मुदत संपेपर्यंत सोडत नाही. प्रिंटर, बायोमेट्रिक मशीन यांचे मॅक सहसा बदलत नाहीत, म्हणून त्यांचं रिझर्व्हेशन टिकतं. मोबाइलचं करायचंच असेल, तर त्या नेटवर्कपुरता मूळ मॅक वापरण्याची सेटिंग आधी चालू करावी लागते.